तार बदलली, नंबर तोच

काका, नमस्कार. मी २८ वर्षांची आहे, मोशीला राहते. चाकण एमआयडीसीत एका वेंडर कंपनीत पाच वर्षं क्वालिटीला आहे. आम्ही गाडीच्या दाराच्या लॅचमध्ये बसणारी एक स्प्रिंग बनवतो. गेल्या रविवारी जेवणं झाल्यावर ह्यांनी टीव्हीवर अमेरिकेतल्या मोटार कंपन्यांच्या बड्या साहेबांच्या साक्षींचे जुने व्हिडिओ लावले. सदोष गाड्या, रिकॉल (म्हणजे विकलेल्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावणं), गेलेल्या मुलांचे फोटो हातात घेऊन बसलेले आईबाप. सासरे, दीर, शेजारचे भाऊ, सगळे पेटले. ‘यांच्याच पोरांना बसवा त्या गाडीत’ इथपर्यंत गेले. मी उठून भांडी घासायला गेले. पोटात गोळा आला होता.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या स्प्रिंगचा लोड, म्हणजे तिचा जोर, काही नगांत लोअर लिमिटच्या खाली यायला लागला. साहेबांनी गुपचूप थोडी जाड तार मागवली. आता लोड छान येतो. पण ड्रॉइंगवर तारेचा व्यास जुनाच आहे, पार्ट नंबर तोच आहे, कस्टमरला काही कळवलेलं नाही आणि त्याआधीचे दोन लॉट गेलेत. पुढच्या आठवड्यात ऑडिट आहे. त्या दोन लॉटचे रिपोर्ट मागची तारीख टाकून, ‘ओके’ म्हणून सही करून फाइलला लावायला मला सांगितलंय. साहेब वाईट नाहीत हो. म्हणतात, ‘अगं, आपण सुधारणाच केलीय ना?’ फ्लॅटचा हप्ता ३१ हजार आहे, ह्यांची नोकरी कंत्राटी. सही करू का? घरी कुणालाच बोलले नाही. आणखी एक, सासऱ्यांच्या गाडीचं रिकॉलचं पत्र दीड महिना शोकेसवर पडलंय. ते म्हणतात, सर्व्हिस सेंटरवाल्यांना बिल काढायला निमित्त हवं असतं. मला ‘तू’च म्हणा.

– क्वालिटीवाली, मोशी


बाळ, सही करू नकोस.

तुझं ऑडिट तोंडावर आलंय, म्हणून उत्तर पहिल्याच ओळीत दिलं. बाकीचं सावकाश वाच, पण मागच्या तारखेच्या कागदावर तुझं नाव जाऊ देऊ नकोस.

आता त्या व्हिडिओंबद्दल. कारण तू भांडी घासायला उठलीस ती त्यांच्यामुळे, आणि तुझ्या पोटातल्या गोळ्याचं कारण त्यांच्यातच आहे.

तुमच्याकडे लावले होते त्यांतला एक बहुधा १ एप्रिल २०१४चा असणार. जनरल मोटर्सच्या प्रमुख मेरी बारा अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे बसल्या होत्या. आपल्या तळेगावात जिचा कारखाना होता, तीच ही कंपनी. बाराबाईंना खुर्चीवर येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. प्रकरण इग्निशन स्विचचं. स्विच इतकं सैल की रस्त्यातल्या एखाद्या दणक्यानं किंवा किल्ल्यांच्या जड जुडग्याच्या वजनानं किल्ली चालू गाडीत मागे फिरायची. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, आणि सगळ्यात भयंकर म्हणजे एअरबॅगही बंद. गाडी झाडावर आदळली तरी एअरबॅग फुगायची नाही. त्या वर्षी २६ लाख गाड्या परत बोलावल्या. तेव्हा कंपनी १३ मृत्यू मान्य करत होती. पुढे भरपाईच्या निधीतून १२४ मृत्यूंचे दावे मान्य झाले. आणि त्या सुनावणीत सांगितली गेलेली सुट्या भागाची किंमत होती ५७ सेंट.

लोक चिडणार नाहीत तर काय? बाराबाईंनी माफी मागितली, पण प्रश्नामागून प्रश्नाला ‘चौकशी सुरू आहे, ती पूर्ण झाली की सांगेन’ हेच उत्तर येत गेलं. दुसऱ्या दिवशी सिनेटमध्ये एका सदस्यबाईंनी हे गुन्हेगारी स्वरूपाचं फसवणं आहे असं तोंडावर सुनावलं. त्याच आठवड्यात तिथल्या प्रसिद्ध विनोदी कार्यक्रमात बाराबाईंच्या उत्तरांची नक्कल झाली. पुढच्या वर्षी कंपनीनं ९० कोटी डॉलर भरून फौजदारी प्रकरण मिटवलं, आणि तुरुंगात मात्र एकही माणूस गेला नाही. त्यावर तर लोक आणखीनच भडकले.

तुझ्या सासऱ्यांचा राग मला मनापासून पटतो. अशा रागातूनच कायदे झालेत. २०००च्या सप्टेंबरात फोर्ड आणि फायरस्टोनच्या प्रमुखांना टायर फुटून गाड्या उलटल्याबद्दल अशाच समित्यांपुढे बसवलं. दोन महिन्यांत, नोव्हेंबरात, कंपन्यांनी दोषांची माहिती वेळेवर सरकारला द्यायची असा कायदा तिथे झाला. लोक गप्प राहिले असते तर इतक्या झटपट तो झाला नसता.

पण तू गप्प का बसलीस ते मला कळलं. तुमच्या घरात त्या क्षणी टीव्हीवरच्या खुर्चीकडे न बघता त्या खुर्चीपर्यंत गेलेल्या कागदाकडे बघणारी तू एकटीच होतीस.

तो कागद २००६ सालचा आहे. आणि आता नीट वाच, कारण ही तुझीच गोष्ट आहे.

ते स्विच फिरवायला जेवढा जोर लागायला हवा, तेवढा लागत नव्हता. ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी. तरीही ते मंजूर झालं आणि गाड्यांत बसायला लागलं. गाड्या रस्त्यात बंद पडतात अशा तक्रारी यायला लागल्या. मग २००६मध्ये डिझाइन इंजिनिअरनं पुरवठादाराला आतला प्लंजर (स्प्रिंगनं दाबला जाणारा छोटा दांडा) आणि स्प्रिंग बदलायला मान्यता दिली. नवी स्प्रिंग जोरकस. स्विच सुधारलं. आणि पार्ट नंबर बदलला नाही.

एवढंच. एका कागदावर एक सही, आणि एक आकडा तसाच ठेवलेला.

त्याचा परिणाम काय झाला ते बघ. पुढच्या मॉडेलच्या गाड्यांत अपघात कमी झाले. कंपनीतलेच चौकशी करणारे लोक वर्षानुवर्षं डोकं खाजवत बसले की स्विच तर तेच आहे, मग जुन्या गाड्यांत एअरबॅग उघडत नाही आणि नव्यांत उघडते हे कसं? नंबर सारखा, म्हणजे वस्तू सारखी, असंच कोणीही धरणार. जॉर्जिया राज्यात २०१०मध्ये एक तरुण मुलगी अशाच गाडीत गेली. तिच्या आईवडिलांनी दावा लावला. त्यांच्या वकिलानं नेमलेल्या तज्ज्ञानं तिच्या गाडीतलं स्विच आणि बाजारातून आणलेलं नवं स्विच शेजारी शेजारी ठेवलं, उघडलं, मोजलं. नव्यातला प्लंजर लांब, स्प्रिंग कडक. तेव्हा कुठे उलगडा झाला. त्या इंजिनिअरनं शपथेवर सांगितलं होतं की असा बदल आपल्याला माहीत नाही. नंतर त्याच्याच सहीचा मंजुरीचा कागद निघाला.

सुधारणाच केलीय ना, असं तुझे साहेब म्हणतात. तिथेही सुधारणाच केली होती.

तुमची जाड तार आजपासून पुढच्या नगांपुरती बरोबर असेलही. पण ती आल्यामुळे सगळ्यांचं मन शांत झालंय आणि गेलेल्या दोन लॉटचा विषयच बंद झालाय. पार्ट नंबर किंवा रिव्हिजन बदलण्याची पद्धत कशासाठी आहे? नव्या मालाचं कौतुक करायला नाही. जुना माल कुठे कुठे गेलाय तो शोधता यावा म्हणून. ती रेघ पुसली की जुने नग नव्यांत मिसळतात आणि मग कोणाच्या दारात कुठली स्प्रिंग आहे हे देवालाही सांगता येणार नाही. शिवाय जाड तारेचा लॅचच्या बाकीच्या भागांवर काय भार येतो, दार लागताना-उघडताना काय होतं, हे तुम्ही तपासलेलं नाही. तुमच्याकडे तो लॅच जोडून चाचणी घ्यायची सोय तरी आहे का?

आणखी एक गोष्ट तिथून उचल. गाडी रस्त्यात बंद पडते ही तक्रार जनरल मोटर्सच्या लोकांनी बरीच वर्षं ‘ग्राहकाची गैरसोय’ या खात्यात टाकली होती. सुरक्षेच्या खात्यात नाही. इंजिन बंद झालं की एअरबॅगही बंद होते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. ते त्याच कंपनीत बसले होते, गाडी त्यांचीच होती, तरी आलं नाही. मग चाकणच्या शेडमध्ये बसून तू किंवा तुझे साहेब कसं ठरवणार की लोड थोडा कमी असला म्हणून फारसं काही बिघडत नाही? अपघातात दार उघडलं तर माणूस बाहेर फेकला जातो. तसं होईलच असं मी म्हणत नाही. ते ठरवायचा अधिकार ज्यांनी गाडी बनवली त्यांचा आहे, आणि त्यांना ठरवता यावं म्हणून आधी त्यांना कळायला हवं.

आता माझं एक सांगतो. मी भोसरीत २९ वर्षं इन्स्पेक्शनला काढली. नव्वदीच्या दशकात, ३१ मार्चची संध्याकाळ होती. ब्रेकच्या लिंकेजमधल्या पिनांचा लॉट, हार्डनेस दोन पॉइंट कमी. टेम्पो गेटवर उभा, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, आत बिलिंगवाले तळमळतायत. साहेब टेबलाशी आले, काही बोलले नाहीत, फक्त माझा हिरवा शिक्का उचलून पॅडवर दाबला आणि माझ्या हातात दिला. मी मारला. त्या शाईचा वास मला अजून येतो. पुढे काही झालं का? मला माहीत नाही. कोणी काही सांगायला आलं नाही. पण त्यानंतर कित्येक वर्षं नाशिक फाट्याच्या सिग्नलला ते मॉडेल पुढे उभं दिसलं की माझी नजर त्याच्या मागच्या चाकाकडे जायची. रात्री जेवताना बायकोनं ‘काय झालं’ विचारलं तर काय सांगणार? म्हणून तुला सांगतोय, हप्त्याची भीती जाते. ही जात नाही.

तर काय करायचं ते.

आज रात्रीच नवऱ्याला सांग. सगळं. हप्ता दोघांचा आहे, मग ही गोष्टही दोघांची. ती कंत्राटी नोकरी, घरातल्यांचं काय होईल, हे एकटीनं मनात घोळवत बसलीस तर उद्या साहेबांपुढे तुझा आवाज फुटणार नाही.

उद्या सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी साहेबांना एकट्यात भेट. तू म्हणतेस ते वाईट नाहीत, माझाही तसाच समज आहे. त्यांना कशाची भीती आहे ते मला ठाऊक आहे: कस्टमरची लाइन थांबली की डेबिट नोट, म्हणजे बिलातून पैसे कापल्याचा कागद, येते, वर मालक विचारतो. त्यांना सांग, ‘सर, मागच्या तारखेचं मी काही सही करणार नाही, पण गेलेल्या लॉटचं आपण आत्ताच कस्टमरला कळवू, मी सॉर्टिंगला स्वतः जाते.’ हा दुसरा भाग महत्त्वाचा. नुसतं ‘नाही’ म्हटलं की माणूस भिंतीला पाठ लावतो. सॉर्टिंगचा, म्हणजे गेलेले नग तपासून खराब वेगळे काढण्याचा, खर्च ही वाट आहे. दोन महिन्यांपूर्वीच्या लॉटपैकी काही नग अजून कस्टमरच्या स्टोअरमध्ये असतील, काही यार्डात उभ्या गाड्यांत असतील, काही मात्र लोकांच्या पार्किंगमध्ये पोचलेही असतील. रोज त्यातले आणखी पोचतायत. आज चार माणसं गेज घेऊन बसली तर जे निभावेल, ते सहा महिन्यांनी पत्रं पाठवून, गाड्या परत बोलावून करावं लागेल.

त्यांना तुमच्याच भिंतीवरच्या सर्टिफिकेटची आठवण कर. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या क्वालिटीच्या मानकाप्रमाणे तपासणीच्या माणसाला डिस्पॅच आणि प्रॉडक्शन थांबवण्याचा अधिकार असलाच पाहिजे. ड्रॉइंगबाहेरचा माल द्यायचा तर कस्टमरचं कन्सेशन, म्हणजे खास परवानगी, आधी घ्यावं लागतं, आणि सदोष माल गेला असेल तर ताबडतोब कळवावं लागतं. म्हणजे तू बंड करत नाहीयेस. ज्या ऑडिटसाठी तुला खोटा रिपोर्ट बनवायला सांगितलाय, त्याच ऑडिटचा हा नियम आहे.

बोलणं झालं की त्याच दिवशी मेल टाक. साहेबांना आणि त्यांच्या वरच्याला, दोघांना. इंग्रजीतच लिहिशील, पण आशय असा सरळ ठेव: ‘अमुक पार्ट नंबर, अमुक दोन लॉट, इतके नग, अमुक तारखेला डिस्पॅच. तपासलेल्या इतक्या नगांपैकी इतक्यांचा लोड लोअर लिमिटपेक्षा कमी, रीडिंग सोबत. अमुक तारखेपासून तारेचा व्यास बदललाय, ड्रॉइंगमध्ये बदल नाही, कस्टमरची मंजुरी नाही. गेलेल्या लॉटबद्दल कस्टमरला आज कळवावं अशी विनंती.’ बस. त्यात ‘मला वाटतं’ नको, कुणावर आरोप नको, विशेषणं नकोत.

शब्दांवर इतका भर का देतोय? जनरल मोटर्समध्ये २००८ साली इंजिनिअरांना एक प्रेझेंटेशन दाखवलं होतं, लिहिताना कुठले शब्द टाळायचे त्याचं. ‘दोष’ म्हणू नका, ‘डिझाइनप्रमाणे काम करत नाही’ म्हणा. ‘समस्या’ म्हणू नका, ‘मुद्दा’ म्हणा. असे ६९ शब्द टाळायच्या यादीत होते. सरकारी चौकशीत ते बाहेर आलं तेव्हा लोकांना संताप आला, आणि यायलाच हवा होता. आपल्याकडे अशी छापील यादी लागत नाही, ती जिभेवरच असते. ‘मायनर आहे.’ ‘फंक्शनल काही नाही.’ ‘ऑब्झर्वेशनमध्ये टाक.’ ‘थोडं अॅडजस्ट केलंय.’ तू लोड कमी असेल तर ‘लोड कमी’ लिही, आणि किती कमी तो आकडा लिही.

त्याच कंपनीच्या चौकशी अहवालात आणखी एक वर्णन आहे. मीटिंगमध्ये सगळ्यांनी मान डोलवायची, ‘हो, करू या’ म्हणायचं आणि बाहेर पडल्यावर कोणीच काही करायचं नाही. तिथे त्या सवयीला नाव पडलं होतं. आपल्याकडे ‘बघतो’ म्हणतात. म्हणून मेलच्या शेवटी तारीख घाल: अमुक दिवसापर्यंत काय ठरलं ते कळवावं.

सरळ लिहिलेला कागद कंपनीच्याही कामाचा असतो. टोयोटाचं घे. २४ फेब्रुवारी २०१०ला अकिओ टोयोडा स्वतः वॉशिंग्टनला काँग्रेसपुढे बसले. प्रत्येक गाडीवर माझं नाव आहे, म्हणाले. आम्ही फार वेगानं वाढलो, हेही कबूल केलं. त्या रात्री आपल्या डीलर आणि कामगारांना भेटताना त्यांना रडू आवरलं नाही. काहींना ते भिडलं, काहींना नाटक वाटलं. आदल्या दिवशी टेनेसीच्या एका बाईंनी साक्षीत कंपनीला ‘लाज वाटू द्या’ असं म्हटलं होतं. त्यांची गाडी ब्रेक दाबूनही ताशी १६० किलोमीटरपर्यंत गेली होती. तेव्हा लोकांची पक्की खात्री होती की दोष इलेक्ट्रॉनिक्समध्येच आहे. नासाच्या इंजिनिअरांनी तपासलं आणि २०११मध्ये सांगितलं की तसा दोष सापडला नाही. अडकणारं फ्लोअर मॅट आणि चिकटणारं पेडल हीच कारणं. पण म्हणून कंपनी सुटली नाही. आपण ग्राहकांपासून माहिती लपवली हे तिला कबूल करावं लागलं आणि २०१४मध्ये १२० कोटी डॉलर भरावे लागले. लपवालपवी झाली की लोक उरलेलं सगळंही खोटंच धरतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

मेलला उत्तर आलं नाही तर? कस्टमर कंपनीचा सप्लायर क्वालिटीचा माणूस तुमच्याकडे येत असणार, तुझा त्याच्याशी रोजचा बोलण्याचा संबंध असेल. आधी तुमच्या प्लांट हेडला सांग की मी आता त्यांना कळवते आहे, आणि मग कळव. लपून नाही. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांना २०१३च्या कंपनी कायद्यानं तक्रारीची यंत्रणा ठेवावी लागते. पुण्यातल्या मोठ्या गाडी कंपन्यांपैकी बऱ्याच या यादीत येतात. तो पत्ता त्यांच्या संकेतस्थळावर असतो. काही कंपन्या पुरवठादारांच्या माणसांच्या तक्रारीही घेतात, ते बघून घे. पण एक सांभाळ: ड्रॉइंगचे फोटो व्हॉट्सअॅपवर नाही, घरच्या ग्रुपवर नाही, मैत्रिणीला नाही. कंपनीची कागदपत्रं घरी आणू नकोस. तुझ्या स्वतःच्या वहीत तारखा, वेळा, कोण काय म्हणालं, एवढं लिही.

नोकरी जाणार नाही असं मी तुला सांगणार नाही. जाऊ शकते. कोरियात ह्युंदाईच्या एका इंजिनिअरनं इंजिनातला दोष २०१६मध्ये उघड केला, त्याला कामावरून काढलं. पाच वर्षांनी, २०२१मध्ये, अमेरिकी सरकारनं त्याला २ कोटी ४० लाख डॉलरहून जास्त बक्षीस दिलं, कारण तिथे तसा कायदा आहे. आपल्याकडे खासगी शेडमधल्या क्वालिटीवालीच्या पाठीशी असा कायदा उभा नाही. म्हणून बायोडेटा आजच नीट कर. पाच वर्षांचा अनुभव, आयएटीएफ, पीपीएपी (कस्टमरकडून पार्ट मंजूर करून घ्यायची पद्धत), कस्टमर ऑडिट हाताळलेली मुलगी चाकण-भोसरीत फार दिवस रिकामी बसत नाही. मी माणसं नेमायचो तेव्हा अशीच शोधायचो. दोन-तीन महिन्यांच्या हप्त्याची सोय कुठून होईल ते दोघं मिळून बघा. कामावरून काढायची भाषा झाली तर राजीनाम्यावर घाईनं सही करू नकोस, आधी कामगार कायद्याच्या वकिलाला दाखव. आणि उलटंही लक्षात घे: उद्या हे प्रकरण फुटलं तर फाइलमधल्या बनावट रिपोर्टवर सही साहेबांची नसेल, तुझी असेल.

राहिलं सासऱ्यांचं. त्यांना दुखावू नकोस, त्यांचा अविश्वास उगाच आलेला नाही. आपल्याकडे २०१२पासून रिकॉल म्हणजे उद्योगाच्या संघटनेची स्वेच्छेची आचारसंहिता होती. मोटार वाहन कायद्यात रिकॉलचं कलम आलं २०१९च्या दुरुस्तीनं आणि नियम लागू झाले १ एप्रिल २०२१ला. ७ वर्षांच्या आतल्या गाड्यांबद्दल ठरलेल्या संख्येनं तक्रारी आल्या तर सरकार आता रिकॉलचा आदेश देऊ शकतं आणि १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड लावू शकतं. पुढच्याच वर्षी, २०२२च्या मार्चमध्ये, आपल्या लोहगावात रस्त्याकडेला उभी इलेक्ट्रिक स्कूटर पेटली. तो व्हिडिओ पुण्यात घरोघरी बघितला गेला. महिन्याभरात त्या कंपनीनं १,४४१ स्कूटर तपासायला परत बोलावल्या. पण तिच्या प्रमुखाला समितीपुढे बसवून थेट प्रक्षेपणात प्रश्न विचारलेले आपण पाहिले नाहीत. आपल्या संसदीय समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात. म्हणूनच तुमच्याकडे रविवारी अमेरिकेतले साहेब लावावे लागतात. ही उणीव मला फार खुपते. ज्या शहरात टेकडीवर एआरएआय ही गाड्यांची चाचणी घेणारी संस्था आहे, जिथे अर्ध्या घरांत कोणी ना कोणी गाडीच्या धंद्यात आहे, तिथल्या लोकांना हे प्रश्न आपल्या भाषेत विचारलेले ऐकायला मिळायला हवेत.

तोवर शोकेसवरचं पत्र घे. आरसी बुकातला चॅसिस नंबर सासऱ्यांनाच वाचायला लाव, १७ आकडी-अक्षरी असतो, आणि कंपनीच्या संकेतस्थळावर टाका. गाडी त्यात असेल तर दुरुस्तीचे पैसे लागत नाहीत. सर्व्हिस सेंटरवाल्यानं सोबत दुसरं काही करायचं म्हटलं तर ‘आज फक्त रिकॉलचं काम’ असं जॉब कार्डवर लिहून घ्यायचं, आणि त्याची प्रत घेऊन यायची. त्यांना सांग, बाबा, तुम्ही ज्या आईबापांसाठी रविवारी चिडलात, त्यांच्या मुलांना हे पत्र वेळेवर आलंच नव्हतं. कुठल्या तरी शेडमधल्या कुणीतरी कळवलं असेल, म्हणून ते आपल्याकडे आलं असेल.

आणि ते दोन लॉट नंबर, नगांची संख्या आणि डिस्पॅचच्या तारखा आज झोपायच्या आधी आठवून वहीत लिही. उद्या मेल टाकलीस की वेळ लिहून ठेव, आणि काय झालं ते मला कळव. मी वाट बघतोय.